बरोबरीला पेनल्टी

रेडिओचे सेल संपत आले की भाऊ ते पत्र्यावर उन्हात ठेवायचा, मायच्या कुरडयांच्या शेजारी. उन्हानं सेलात पुन्हा जीव येतो असं आमच्याकडं सगळेच मानत, आणि खरोखर येतही असे, एखाद्या संध्याकाळपुरता. कुरडया कावळ्यांपासून राखायच्या आणि सेल शेजारच्या पोरांपासून, ही दोन्ही कामं माझ्याकडं. भाऊ म्हणजे माझा थोरला सख्खा भाऊ. घरात त्याला सगळे भाऊच म्हणत, जन्म देणारी मायसुद्धा. जालन्याला राहून तो बी.एस्सी. झाला होता आणि टेंभुर्णीला परत येऊन बापूंच्या हाताखाली शेतीत लागला होता, पण त्याचं मन काही तिथं रमत नव्हतं. त्याला बियाण्याच्या कंपनीत नोकरी हवी होती, नोकरीसाठी इंग्रजी हवं होतं, आणि इंग्रजीसाठी त्यानं तीन बँडचा रेडिओ घेतला होता. जळालेल्या मोटारीतून काढलेली तांब्याची तार त्यानं ओसरीच्या खिळ्यापासून दारातल्या लिंबापर्यंत ताणली होती. माय त्या तारेवर ओले टॉवेल टाकायची, आणि मग आतून भाऊ ओरडायचा की नॉर्वे बुडालं.

नॉर्वे त्याला चुकून सापडलं होतं. गाण्यांचं स्टेशन शोधताना काटा जरा पुढं सरकला आणि एक बाई संथ, स्वच्छ इंग्रजीत बोलताना ऐकू आली. दुसऱ्या स्टेशनांवरचे साहेब लोक तोंडात सुपारी धरल्यासारखे बोलत. ही बाई मात्र एकेक शब्द निवडून, पाखडून टाकायची. ती फक्त रविवारी यायची, दिवेलागणीला, अर्ध्या तासापुरती. आधी बातम्या, मग मासेमारी नाहीतर बर्फ, आणि शेवटी तिथल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचे निकाल. भाऊ जन्मात फुटबॉल खेळला नव्हता. आमच्या गावात खेळ म्हणजे कबड्डी, आणि मुलींना तीही नाही. पण निकालात गावांची नावं आणि आकडे असत, आणि ते नीट कळतात की नाही यावर भाऊची परीक्षा होई. म्हणून तो कान लावून ऐकायचा, मोठ्यानं बोलायचा, आणि मी कोठीच्या खोलीच्या काळ्या दारावर खडूनं लिहायचे. बर्गन, त्रोम्सो, हामार, मोल्दे, मॉस. माझं अक्षर वळणदार होतं. बापू दारातून ज्वारीचं पोतं काढताना अंग चोरून जायचे, खडू पुसू नये म्हणून. त्यांना त्या देशाचं एक आवडायचं: तिथला हंगाम आपल्या खरिपासारखा होता, उन्हाळ्यात धरायचा आणि दिवाळीच्या तोंडाला उचलायचा, कारण पुढं बर्फ पडे. "मंग बराबर हाय," बापू म्हणायचे, "जमीन जवर उघडी तवरच काम."

रविवारी संध्याकाळी ती बाई बोलायची तेव्हा त्या दिवशीचे सामने संपलेले नसत. त्यामुळं आम्हाला कळत ते मागच्या रविवारचे. तिकडं हरलेला संघ आमच्या दारावर आणखी आठवडाभर जिंकण्याच्या आशेवर असायचा. आज माझा नातू मोबाइलवर कुठल्याही देशातला सामना बघतो आणि गोल होतानाच त्याला कळतं. मला त्यात मजा वाटत नाही, पण ते त्याला सांगायला गेलं की तो माझ्याकडं दयेनं बघतो.

त्या रविवारांत भाऊ माझा असायचा. एरवी तो मित्रांचा, बापूंचा, शेताचा. पण दिवेलागणीला पोतं अंथरून, मध्ये रेडिओ ठेवून आम्ही दोघं बसलो की माय पिठल्याचं पातेलंसुद्धा हळू उतरवायची. निकाल कळला की भाऊ आधी माझ्या तोंडाकडं बघे. त्या बघण्यावर मी आठवडा काढायचे. आणि त्याच वर्षी वैशाखात भाऊचं लग्न झालं.

लग्नाच्या आदल्या रविवारी, घरात हळदीची तयारी चाललेली असताना, त्या बाईनं नव्या हंगामाचा नियम सांगितला. भाऊनं ऐकलं, डोकं खाजवलं आणि मला सांगितलं, "या साली तिकडं बरोबरीच ठिवली न्हाई. बरोबरी झाली की पेनल्टी."

"कुणाला?"

"दोघांला. बरोबरी केलीच काहून म्हणून."

पेनल्टी हा शब्द आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. विजेचं बिल उशिरा भरलं की लागे ती पेनल्टी. म्हणजे सामना बरोबरीत सुटला की दोन्ही संघांना दंड, आणि ज्यानं जल्दी दंड भरला त्याला दोन गुण, मागून भरणाऱ्याला एक, असा आम्ही दोघांनी मिळून अर्थ लावला. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मला तो देश मोठा कडक आणि शिस्तीचा वाटला.

वहिनी जालन्याची होती, शहराच्या नवीन जालना भागातली. स्टेशनच्या पलीकडं तिच्या वडिलांचं घर, शाळा नन लोकांची, आणि बोलणं असं की अर्धं आमच्यासारखं आणि अर्धं पुस्तकासारखं. ती आली तेव्हा सगळ्या आळीनं तिचं कौतुक केलं, आणि मी कौतुक करणाऱ्या प्रत्येकीचं नाव मनात लक्षात ठेवलं. तिचं नाक सरळ होतं, ते मला खपलं नाही. तिच्या भाकरीला पापुद्रा सुटायचा नाही, त्याचा मला आनंद झाला, पण महिन्याभरात सुटायला लागला. येसराच्या आमटीला तिनं फोडणी दिली आणि बापूंनी दोनदा वाढून घेतली त्या दिवशी मी उपाशी झोपले आणि पोटात दुखतंय असं सांगितलं. ते काही खोटं नव्हतं. मला ती "ताई" म्हणायची आणि "तुम्ही" म्हणायची, मी तिच्याहून सहा वर्षांनी लहान असून. नणंदेला तसंच म्हणायची आमच्याकडं रीत आहे. त्या "तुम्ही"त मला मान दिसत नव्हता, कुंपण दिसायचं.

पहिले दोन-तीन रविवार ती चहा ठेवून आत जायची. मग एकदा ती कप हातात घेऊन तशीच उंबऱ्यात उभी राहिली, कारण रेडिओवरची बाई काहीतरी गमतीचं बोलली होती आणि वहिनीला हसू आलं होतं. भाऊ हसला नव्हता. त्याला गंमत कळलीच नव्हती. त्यानं वळून विचारलं, "काय म्हणाली?" आणि वहिनीनं सांगितलं: तिकडं एका मैदानावर रेनडिअर घुसलं, आणि पंचानं त्याला ऑफसाइड दिलं. मग ऑफसाइड म्हणजे काय तेही सांगितलं. मी खडू हातात घेऊन दाराशी उभी होते. माझ्याकडं कुणीच बघितलं नाही. पुढच्या रविवारी भाऊनं पोतं उलगडून आडवं अंथरलं, तिघं बसतील असं.

पण खरा घाव बसला तो आषाढात. त्या रविवारी मोल्देचा सामना बरोबरीत सुटला होता. मी मोठ्या रुबाबात वहिनीला सांगितलं की आता दोघांला दंड पडणार, आणि या वेळी मोल्दे आधी भरेल, कारण ते श्रीमंत गाव आहे. वहिनी रिकामे कप गोळा करायला लागली. ती नवी होती, तिला गप्पच राहायचं होतं, हे मला आता कळतं. पण भाऊनं मान डोलावली आणि दंडाची सगळी पद्धत तिला पहिल्यापासून समजावायला घेतली, तेव्हा तिला राहवलं नाही.

"पेनल्टी म्हंजे दंड न्हाई वो," ती म्हणाली. "गोलकीपर एकटा उभा ऱ्हातो, अन् समोरून एकजण बॉल मारतो. पाच यांचे, पाच त्यांचे. ज्याचे जास्ती गोल त्याला दोन गुण."

"तुला काय माहीत?"

"माझे भाऊ स्टेशनच्या मैदानावर खेळायचे. एक पोरगा कमी पडला की मला गोलात उभं करायचे."

भाऊला राग यायला हवा होता. आमच्याकडं नवऱ्याची चूक बायकोनं बहिणीदेखत काढली की नवऱ्याला राग येतो, निदान तो आल्यासारखं दाखवतो. भाऊ हसत सुटला. मांडीवर थापा मारत हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि ओसरीवर जाऊन बापूंना म्हणाला, "बापू, तुमची सून गोलकीपर हाय." बापूही हसले. आम्ही दोघांनी लावलेला अर्थ, आमच्या दोघांचा तो कडक देश, असा एका मिनिटात मोडला, आणि मोडणारीच्या तोंडाकडं भाऊ ज्या नजरेनं बघत होता ती नजर आजवर माझी होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खडू चुलीत टाकला. खडू जळत नाही, हेही मला तेव्हाच कळलं, आणि मायनं चिमट्यानं तो काढून माझ्या पुढ्यात ठेवला.

मायच्या नजरेतून काही सुटत नसे. दुसऱ्या दिवशी भुईमुगाच्या शेंगा फोडताना ती म्हणाली, "मंदे, तिची बरोबरी करू नको. ती या घरची हाय. तू आज हायेस, उद्या जाशील."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. शेंगेतला किडका दाणा बाजूला काढावा तसं म्हटलं. पण मी सोळा वर्षांची होते, ज्या घरात जन्मले त्या घरातली पाहुणी मी, आणि वैशाखात आलेली ती घरची. मी शेंगा तशाच टाकून कोठीच्या खोलीत गेले आणि दारावरचा तक्ता बघत बसले. त्या देशात बरोबरी चालत नाही हे आम्ही चुकीच्या कारणानं का होईना, बरोबर ऐकलं होतं.

मग मी उघड उघड बरोबरीला उतरले. मोल्दे माझा संघ, असं जाहीर केलं. भाऊनं पूर्वी त्या रेडिओवाल्यांना पत्र लिहिलं होतं तेव्हा त्यांनी एक चित्राचं कार्ड पाठवलं होतं, त्यात मोल्दे गावातले गुलाब होते; मला गावाची तेवढीच माहिती होती आणि तेवढी पुरेशी होती. वहिनी म्हणाली, "मंग मी मॉस घेते. त्यांना कुणीच घेत न्हाई." आणि ते दोन्ही संघ, काय सांगू, चढायला लागले. पावसाळाभर चढत गेले. श्रावणात कधी मोल्दे वर, कधी मॉस वर. श्रावणी सोमवारचे उपास मी आता मोल्देसाठी धरायला लागले. वहिनी काही करायची नाही, नुसतं ऐकायची, आणि मॉस जिंकलं की पदर तोंडाला लावून हसायची. तिच्या हसण्याला गालावर खळी पडायची. ती खळी माझ्या डोळ्यांत खुपायची.

भादव्यात भाऊला बियाण्याच्या कंपनीकडून बोलावणं आलं. इंग्रजीत झालेली मुलाखत त्यानं पार केली. दिवाळीनंतर नवीन जालन्यात हजर व्हायचं, बायकोला घेऊन. घरात पेढे वाटले गेले आणि मी पहिला पेढा खाता खाताच विचारलं, "अन् रेडिओ?"

"रेडिओ माझ्यासंगं येईल ना," भाऊ म्हणाला.

मला रेडिओ नको होता. रेडिओ टेंभुर्णीत राहिला तर भाऊ रविवारी टेंभुर्णीला येणार होता; जाफराबादपर्यंत एस.टी. आणि तिथून जीप, काही अवघड नव्हतं. रेडिओ जालन्याला गेला की रविवारही जालन्याला गेले. हे मी बोलून दाखवलं नाही. मी जेवण सोडलं. भाऊनं आधी समजूत काढली, मग चिडला. तिसऱ्या वेळेला वहिनी माझ्या ताटाशी येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, तुमचं मोल्दे पहिलं आलं तर रेडिओ इथंच ऱ्हाईल. माझं मॉस आलं तर जालन्याला. बोला." मी धपाट्याचा तुकडा मोडला तो होकारच होता. भाऊ म्हणाला, "बायांनो, माझ्या रेडिओवर तुम्ही दोघी पैजा लावून राह्यल्या." पण त्यानं मान्य केलं.

आणि हंगामाचा शेवटचा सामना नेमका मोल्दे आणि मॉस यांच्यातच आला, तोही मोल्देच्या घरच्या मैदानावर. मोल्दे वर होतं. मला झोप लागेना. तिकडं सामना होऊन गेला, हारतुरे वाटून झाले, लोक आपापल्या घरी गेले, आणि आमच्याकडं तो सामना आठवडाभर तसाच व्हायचा राहिला. त्या आठवड्यात मी आणि वहिनीनं मिळून चिवड्याचे पोहे भाजले, करंज्यांचं सारण केलं, आणि एकमेकींशी कामापुरतं बोललो.

त्या रविवारी भाऊ खोली बघायला जालन्याला गेला होता, आणि परतीची जीप चुकल्यामुळं आलाच नाही. बापू शेतात, वेचलेला कापूस झाकायला. माय भाकरी थापत होती. पोत्यावर आम्ही दोघीच. मी तार पुसली, सेल घातले, आणि काटा वहिनीनं लावला. आवाज आला, पण शिट्ट्यांसकट. बातम्या कशाबशा गेल्या. निकालाच्या वेळेला शिट्ट्या अशा वाढल्या की मला फक्त दोन शब्द कळले, मोल्दे आणि मॉस, आणि मॉस आणि मोल्दे. मी वहिनीच्या तोंडाकडं बघायला लागले. भाऊ नव्हता, मला इंग्रजी येत नव्हतं, ती जे सांगेल ते खरं होणार होतं. माझे रविवार तिच्या जिभेवर होते.

"मॉस," ती म्हणाली. "दोन-शून्य."

"खोटं."

"खरं हाय."

"तुमाला रेडिओ न्यायचा हाय म्हणून खोटं सांगून राह्यल्या. मोल्दे घरी खेळत होतं. मोल्दे वर होतं." मी रडत होते आणि मला रडताना ती बघते आहे म्हणून आणखी रडत होते. "सगळं नेलं तुमी. भाऊ नेला. आता हे बी."

आतून मायच्या थापण्याचा आवाज थांबला. वहिनीचं तोंड लाल झालं. तिनं माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट, आणि मला रेडिओजवळ ओढलं.

"मंदा, गप बस. रडू नको. ती बाई जाताना निकाल परत सांगती. तू ऐक. तुझ्या कानानं ऐक. 'चॅम्पियन' शब्द येईल, त्याच्या आधी कोणतं नाव येतं तेवढं ऐक."

ती मला "मंदा" म्हणाली होती. "तू" म्हणाली होती. मायनंही ते ऐकलं, कारण तिनं आतून "सूनबाई" अशी हाक दिली, जरा चढ्या आवाजात. पण वहिनी हलली नाही. एका हातानं तिनं माझं मनगट धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं ती तार वर उचलून उभी होती, म्हणजे शिट्टी कमी व्हावी. मी रेडिओच्या जाळीला कान लावला. जाळी कोमट होती. ती बाई समारोप करत होती, वाक्यांमागून वाक्यं, त्यातली बहुतेक माझ्या डोक्यावरून जात होती. आणि मग एक वाक्य सावकाश माझ्याकडं आलं. त्यातला एकेक शब्द मला वेगळा दिसला. मॉस. आर. चॅम्पियन्स.

भाऊनं सांगितलेलं नाही, वहिनीनं सांगितलेलं नाही, मला स्वतःला कळलेलं ते इंग्रजीतलं पहिलं वाक्य. त्यात मी हरले होते.

"कळलं?" वहिनीनं विचारलं.

"कळलं."

"मंग मी खोटं बोलले का?"

मी मान हलवली. तिनं माझं मनगट सोडलं. तिच्या बांगडीचा वळ उमटला होता. तिलाही आता रडू येत होतं, कशाचं ते मला नीट समजलं नाही, आणि माझा पदर नव्हता म्हणून मी तिच्याच पदराला डोळे पुसले. मग ती म्हणाली, "मी मोल्दे म्हणणार होते, बरं का. जिभेवर आल्तं. मंग म्हटलं, तू काय लहान हायेस का तुला खोटं सांगायला." आत गेल्यावर मायनं तिला विचारलं की नणंदेला अरे-तुरे कधीपासून. वहिनी म्हणाली, "आजपासून," आणि काटवट पुढं ओढून भाकरीला बसली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. निकाल ऐकून, माझे सुजलेले डोळे बघून तो वहिनीला म्हणाला, "राहू दे रेडिओ इथं. पोरगी हाय ती."

"न्हाई," वहिनी म्हणाली. "मी हारले असते तर ठिवला असता. ती हारली हाय."

भाऊ माझ्याकडं बघायला लागला, मी रडेन म्हणून. मला राग आला तो वहिनीचा नाही, भाऊचा. मी म्हणाले, "घेऊन जा. पैज म्हंजे पैज." आणि मी स्वतः खिळ्याची तार सोडवली, गुंडाळी केली, आणि ती वहिनीच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवली. त्यानंतर दिवाळी होती. ते चार दिवस आम्ही दोघी एकत्र झोपलो, भाऊ ओसरीवर बापूंसोबत. ती मला ऑफसाइड समजावत होती, स्टेशनजवळच्या मैदानाचं सांगत होती, एकदा तोंडावर बॉल बसून तिचा दात कसा हलला ते सांगत होती. नाक मात्र सरळ राहिलं, असं ती म्हणाली, आणि मी पहिल्यांदा त्या नाकाकडं राग न धरता बघितलं.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात आली. ट्रंक, गादीची वळकटी, पितळेचे दोन डबे, मायनं दिलेलं येसराचं पीठ. वहिनी मागच्या बाकावर बसली, मांडीवर शालीत गुंडाळलेला रेडिओ. भाऊ सगळ्यांच्या पाया पडून तिच्या शेजारी चढला. चढताना त्यानं रेडिओ तिच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतला आणि शालीची एक बाजू तिच्या खांद्यावर सारली. पुढच्या रविवारी तो तिच्या शेजारी बसणार होता; आणि त्याच्या पुढच्याही. ती हसून काहीतरी सांगणार होती आणि ते ऐकायला तो असणार होता. मायला वाटलं मी भावासाठी रडते आहे, म्हणून ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. जीप जाफराबादच्या रस्त्याला लागली, आणि मला भाऊचा इतका हेवा वाटला की त्याला हात हलवायचंही मी विसरले.